चौथ्या पंचाला हात लागला न्हाई

परक्याकडनं आलेलं पातं आपल्या दगडावरनं एकदा फिरवल्याबिगर वापरात घ्यायचं न्हाई, ही आमच्या घरची रीत. आम्ही शिरूरचे शिकलगार. माझा आजा घोडनदीच्या बाजारात बसून विळे, अडकित्ते, वस्तारे लावायचा. बापानंबी तेच केलं. बाप म्हणायचा, दुसऱ्याच्या हातची धार म्हंजी उष्टं ताट, आधी पुसायचं, मग वाढायचं. मी फकीर शिकलगार, कंपनीत टूलरूमला ग्राइंडर झालो, पण रीत सोडली न्हाई. त्या रीतीनं माझा घात केला असं म्हणायला मला लई आवडलं असतं. पण तिला कशाला बोल लावू? घात केला माझ्या जिभेनं.

सगळं सांगतो. मधी बोलू नका, माझं डोकं लवकर फिरतं.

आमची कंपनी कोरेगाव भीमाच्या अलीकडं, हायवेला. स्कूटरच्या ब्रेकला लागणारी एक पोलादी पट्टी तिथं निघायची. तिला आठ भोकं. प्रेसमधले आठ पंच एका ठोक्यात आठ भोकं पाडणार, दिवसभर धाड धाड. पंच म्हंजी बोटाएवढी पोलादाची दांडी, तोंडाशी धार. चाळीस हजार ठोके झाले की धार मरते आन् भोकाच्या कडेला बर उभी राहते, बोट लावलं तर कापंल अशी. मग प्रेसवाला मल्हारी खिडकीतनं हाक देणार, "फकीरमामा, बोथाटलं वो." मी पंच काढणार, मशीनवर धार लावणार, दगडानं हात फिरवणार, परत बसवणार.

तुम्ही म्हणाल, ह्यात काय एवढं. एवढंच हाय की त्या हाकेवर मी जगत व्हतो. बेगम जाऊन तीन वर्षं झाली व्हती. पोरगा आरिफ सौदीला. दोन महिन्यांतनं एकदा शेजारच्यांच्या फोनवर यायचा, सगळं ठीक का म्हणायचा, मी ठीक म्हणायचो, झालं. घरात ताट एक, पेला एक. सुट्टीच्या दिशी दुपारपतुर मी एक शब्द बोललेलो नसायचो, आन् दुकानात साबण मागताना आवाज घोगरा यायचा. कंपनीत मातर फकीरबिगर पान हलत न्हाई, असा थाट. पंच बोथट व्हायचे म्हणून कुणीतरी माझं नाव घ्यायचं.

अठ्ठ्याण्णव सालात हर्षदा मॅडम आल्या. इंजिनिअर, दौंडच्या, वडील रेल्वेत. टूलरूममध्ये बाई म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली. मीबी मुरडलं, खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच दिशी तिनं माझ्या टेबलावरचा पंच उचलून भिंगातनं बघितला आन् म्हणाली, "मामा, ही धार नुसती मशीनची नाही. ह्यावर हात फिरलाय." सतरा वर्षांत एका साहेबाला हे कळलं नव्हतं. त्या दिवसापासनं ती माझ्यासंगं जेवायला बसायला लागली. शिरूरला खोली घेऊन राहायची, तवा कंपनीच्या बसलाबी माझ्याच शेजारी. डब्यातली शेंगदाण्याची चटणी अर्धी माझ्या झाकणात टाकायची. तोंडावर मी मॅडम म्हणायचो, मनात पोरगी म्हणायचो.

एकदा जेवताना म्हणाली, "मामा, पंच चौपट टिकला तर?"

"तर मी काय करू? माशा मारू?"

ती हसली. मी हसलो न्हाई, पण ते तिच्या ध्यानात आलं न्हाई.

पुण्याला एका प्रयोगशाळेत त्याचं मशीन व्हतं. आयन इम्प्लांटेशन. नाव ऐकूनच आमचा टूलरूमचा इन्चार्ज जयसिंग म्हणाला, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण पोरगी चिवट. मला तिनं असं सांगितलं: हवेतलाच नायट्रोजन घ्यायचा, त्याच्या कणांना विजेचा जोर द्यायचा, आन् हवा काढून टाकलेल्या डब्यात ते पोलादावर सोडायचे. कण पोलादात शिरून बसत्यात आन् वरचा थर असा घट्ट होतो की लवकर झिजत न्हाई.

"म्हंजी मुलामा?" मी इचारलं.

"नाही मामा. मुलामा वर बसतो, कधीतरी सुटतो. हे आत पेरतात. माप तेच राहतं, रंगही जवळजवळ तोच."

पेरल्यावर रान जसं व्हतं तसंच दिसतं, हे मला पटलं. किती खोल पेरत्यात, ते मी इचारलं न्हाई.

जयसिंगाशी भांडून, मोठ्या साहेबापुढं तीनदा उभं राहून तिनं एक ट्रायल मिळवली. एकच. बसमध्ये मला म्हणाली, "हे फसलं ना मामा, तर इथं मला परत कोणी काही विचारणार नाही. आणि मीही मला विचारणार नाही." मी म्हणालो, "काय फसत न्हाई. मी हाय न्हवं." तोंड वर करून म्हणालो.

पंच परत आले ते शुक्रवारी. खोक्यात फोमवर निजलेले, पाठीवर एक ते आठ आकडे कोरलेले. त्या दिशी मोठ्या साहेबानं तिला मीटिंगला बसवलेलं. जाता जाता म्हणाली, "मामा, ग्राइंडिंग काही करायचं नाही. आहेत तसे बसवा."

मी म्हणालो, "व्हय."

आता इथं नीट ऐका. आमच्यात ग्राइंडिंग म्हंजी मशीन. मशीनवर चढवलं तर ते काम. दगडावर तेल टाकून हात फिरवणं, वरनं डायमंड पेस्टनं चकाकी आणणं, ह्याला आम्ही काम म्हणतच न्हाई. ते पुसणं. पंचांच्या तोंडाला कुठं कुठं पिवळसर झाक व्हती. मला वाटलं डाग हाय. पोरीला एकच ट्रायल मिळालेली, तिचे पंच असे डागाळलेले कसे बसवू? शिवाय परक्याकडनं आलेले. मी फडकं पसरलं. उजव्या हाताला राहिलेले, डाव्या हाताला झालेले. एक, दोन, तीन, तोंडानं आन् कडेनं लख्ख केले. चौथा हातात घेतला, तेवढ्यात मल्हारी म्हणाला, "मामा, जुम्म्याची येळ झाली न्हवं?" मी चौथा खाली ठेवला आन् नमाजाला गेलो. आल्यावर पाचव्यापासनं धरलं.

बेगमला हे आधीच ठाऊक व्हतं. घरात आम्ही आमची मुसलमानी बोलायचो. ती कांदा चिरत असली की मी मधीच सुरी काढून घेऊन दगडावर घासायला बसायचो, आन् ती म्हणायची, "तुमारे हाथ को जरा चैन नै क्या जी?" नव्हतंच चैन.

ट्रायल सुरू झाली. तिसऱ्या दिशी, नेहमीच्याच चाळीस हजारांवर, मल्हारीनं हाक दिली. सात भोकांना बर. चौथं भोक गुळगुळीत. पण आठातलं एक भोक खराब असलं तरी पट्टी भंगारात जाते, तिथं सात म्हंजी बोलायलाच नको. मोठे साहेब आले, बघितलं आन् गेले. मॅडम चौथ्याकडं बोट करून काय सांगायला गेल्या, तर जयसिंग म्हणाला, "निघतो एखादा नशिबाचा." मग सगळ्यांकडं बघून इचारलं, "बसवायच्या आधी कुणी ग्राइंडिंग केलं व्हतं का?"

"ग्राइंडिंग न्हाई केलं," मी म्हणालो. आन् तवा मी खोटं बोलत नव्हतो.

दुपारी डबा न उघडताच ती माझ्या टेबलाशी आली. चौथा पंच तिच्या हातात. "मामा, सगळे एकाच डब्यात होते, एकाच वेळी. मग ह्यात वेगळं काय आहे? तुमच्या हाताला काही कळतंय का?"

मी धारेवरनं अंगठा फिरवला. बोलायचं म्हणून इचारलं, "ते पेरलेलं असतं किती खोल?"

तिनं डोक्यातला एक केस उपटला आन् माझ्या फडक्यावर ठेवला. "ह्या केसाच्या जाडीचे तीनशे पापुद्रे केले तर त्यातला एक. तेवढंच." केसाशेजारी पेन्सिलीनं रेघ काढायला गेली आन् थांबली. "इतकी बारीक रेघ निघतच नाही."

दगडाच्या चार हातांत तसले पन्नास पापुद्रे जात्यात. पेरलेलं रान मी वरनं खरवडून टाकलं व्हतं, सात वेळा. आन् चौथा कसा वाचला तेबी दिसलं. नमाजाला उठताना मी तो डाव्या हाताला ठेवला व्हता, झालेल्यांत.

ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती. एवढ्या भरवशानं माझ्याकडं बेगमनंतर कुणी बघितलेलं न्हाई.

"न्हाई मॅडम," मी म्हणालो. "मला तर काय वेगळं लागत न्हाई."

का म्हणालो? अब्रू, हे एक. सतरा वर्षं फकीरचा हात, फकीरचा हात ऐकलेला माणूस, त्याच हातानं वाटोळं केलं हे कसं सांगंल. पण ते निम्मंच. निम्मं असं की सांगितलं असतं तर दुसरी ट्रायल झाली असती, पंच टिकले असते, आन् मल्हारीच्या हाका पाऊणपट कमी झाल्या असत्या. मग मला कोण बोलवणार व्हतं? मी भ्यालो. पोरीचं नाव बुडत व्हतं आन् मी माझ्या हाकेला धरून बसलो.

फाईल बंद झाली. मॅडमला स्टोअरला टाकलं, खोकी लावून घ्यायला. जेवायला माझ्याजवळच यायची, पण बोलायची न्हाई. एका हातानं घास, दुसऱ्या हातानं कागदावर गणितं. चटणी मातर न चुकता माझ्या झाकणात. ती माझ्या घशाखाली उतरायची न्हाई. सव्वा महिन्यानं तिनं राजीनामा दिला. जाताना माझ्या पाया पडायला वाकली तर मी पाय मागं घेतले. तिला वाटलं, आमच्यात चालत नसंल. न चालायला काय झालंय?

त्यानंतर बसमध्ये माझ्या शेजारी कोण कोण बसायचं, मला आठवत न्हाई. जयसिंग नुसता जवळनं गेला तरी मी दचकायचो. चोराच्या मनात चांदणं. डबा मी मशीनमागं उभ्यानंच खायला लागलो.

आन् तो चौथा. बाकीच्या सातांना चाळीस हजारांवर धार लागायची. घासून घासून ते आखूड व्हायचे, मी खाली चकत्या घालून उंची जुळवायचो. चौथ्याला काय करावं लागायचं न्हाई. ऐंशी हजार झाले, लाख झाले. मल्हारी गमतीनं म्हणाला, "मामा, चौथ्याला तुमची गरजच न्हाई." मी त्याच्यावर असा खेकसलो की दोन दिवस तो बोलला न्हाई. सांगायला लाज वाटते, पण मी त्या लोखंडाच्या तुकड्यावर जळत व्हतो. दीड लाखाला तो काढून भिंगाखाली धरला. धार जशीच्या तशी. मग तो परत बसवलाच न्हाई; जागेवर साधा नवा घातला, रजिस्टरला लिहिलं, बदलला, आन् चौथा माझ्या खणात टाकला. पोरगी बरोबर व्हती, आन् हे साऱ्या जगात मला एकट्याला ठाऊक व्हतं. बाप मेला, बेगम गेली, तवाबी मी एवढा एकटा नव्हतो.

असे आठ महिने गेले. मल्हारीची बहीण केडगावला दिलेली. तिकडं जाऊन आला तर म्हणाला, "मामा, आपल्या हर्षदा मॅडम हायत्या ना, दौंडवरनं रोज केडगावला येऊन पोरांच्या शिकवण्या घेत्यात. बहिणीनं इचारलं, इंजिनिअर असून हे का? तर म्हणाल्या, इंजिनिअरिंग मला येतच नव्हतं." एवढं सांगून तो तंबाखू मळायला लागला. मी मशीन बंद केलं. खणातनं चौथा काढला.

गुरुवारी सुट्टी. न्हावऱ्यावरनं दौंडची एसटी धरली. पंच फडक्यात गुंडाळून खिशात. भीमेचा पूल आला तवा एकदा मनात आलं, द्यावा फेकून खिडकीतनं. खोटं न्हाई सांगत, हात खिशात गेलाबी व्हता.

रेल्वेच्या चाळीत घर सापडायला येळ लागला न्हाई. दार आईनं उघडलं, गीताबाई. मी नाव सांगितलं तर बाईचा चेहरा फुलला. "तुम्हीच व्हय फकीरमामा? या की. तुमच्यापायी मी चटणी जास्तीची द्यायची." मला उंबऱ्यातनंच परत फिरावंसं वाटलं.

हर्षदा आतनं आली. वाळली व्हती. हाताला खडू. "मामा, तुम्ही?" म्हणून हसली, तेच हसू. मी बसलो न्हाई. फडकं उलगडून पंच तिच्यापुढं धरला.

"दीड लाख ठोके झालेत. आजून दगड लागलेला न्हाई."

तिनं कपाटातनं भिंग काढलं, दारात उजेडाला गेली, लई येळ बघत राहिली. पाठमोरीच म्हणाली, "हा एकच का?"

"बाकीच्या सातांना मी हात फिरवला व्हता. तुम्ही ग्राइंडिंग नको म्हणाला. मी ग्राइंडिंग न्हाई केलं. दगडानं नुसते पुसले. चौथा नमाजापायी राहिला."

चहाचा कप घेऊन आलेली गीताबाई तिथंच उभी राहिली.

"हे तुम्हाला कधी कळलं?" हर्षदानं इचारलं. आवाज अगदी साधा, मापं इचारावीत तसा.

ह्या प्रश्नाला भिऊनच मी आठ महिने काढले व्हते. म्हणता आलं असतं, परवा कळलं. एसटीत तसं ठरवलंबी व्हतं.

"तुम्ही केस ठेवला तवाच."

ती खाली बसली. पंच दोन्ही हातांत. "मी ते गणित किती वेळा केलं असेल, मामा. रोज वाटायचं, कुठंतरी माझंच चुकलंय आणि मला ते दिसतही नाही. ज्याला स्वतःची चूक दिसत नाही त्यानं हे काम करू नये, असं मी ठरवलं. बाबांना सांगितलं. तुमच्यावर संशय घ्यायचं डोक्यातच आलं नाही. तुमचा हात मला माहीत होता ना." आन् ती रडायला लागली, आवाज न करता.

मी वाकलो, लेकराच्या डोक्यावरनं फिरवतो तसा हात तिच्या डोक्यापाशी नेला.

तिनं मान बाजूला घेतली. "नका मामा. हात नका फिरवू."

हात तसाच ऱ्हायला. कुठं ठेवावा कळंना. शेवटी खिशात घातला.

थोड्या येळानं तिनं डोळे पुसले आन् शिकवणीची वही पुढं केली. "लिहून द्या." मी लिहिलं: आठ पंचांपैकी सात मी बसवण्याआधी दगडानं घासले, चौथा राहिला. खाली सही. तिनं वाचलं, वही परत दिली. "एक ओळ राहिली. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही." तीबी लिहिली. अक्षर वाकडंतिकडं आलं. गीताबाईंनी चहा माझ्यापुढं ठेवला न्हाई आन् मी मागितला न्हाई. पंच तिथंच राहिला.

दुसऱ्या दिशी मी तेच सगळं जयसिंगला सांगितलं. वाटलं व्हतं, कामावरनं काढंल. तो म्हणाला, "आता काय त्याचं? फाईल बंद झाली. जा, मल्हारी बोलावतोय." ना रागावला, ना काय. रागावला असता तर बरं झालं असतं.

पोरगी तो पंच आन् तो कागद घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. त्यांनी तपासलं, आन् तिला तिथंच कामाला घेतलं. आता ती दुसऱ्या कंपन्यांचे पंच पेरून देते. हे मला मल्हारीच्या बहिणीकडनं कळलं. पोरीनं स्वतः कळवलं न्हाई, आन् तिनं का कळवावं? तिचं नीट झालं, त्यात मी खूश हाय. मनापासनं हाय.

आमच्या कंपनीनं परत तसले पंच केले न्हाईत. प्रेसमध्ये आता आठीच्या आठी साधे. चाळीस हजार झाले की सगळे एकदम मरत्यात, आन् मल्हारी खिडकीतनं हाक देतो, "फकीरमामा, बोथाटलं वो." मला पाहिजे व्हतं ते मिळालं. मी उठतो आन् जातो.